कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीवर राहताना: कोणती दुरुस्ती स्वतः, कोणती कुठल्या बेटावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक जोडपं ग्रेनाडात ३८ फुटी, पंधरा वर्षं जुनी फायबरग्लासची शिडाची बोट घेत आहे. दोन वर्षं तिच्यावरच राहायचं आणि उत्तरेकडच्या बेटांवर फिरायचं, असा बेत आहे. शिडं हाताळायची सवय आहे, पण इंजिन, वीज आणि नळकाम यांना कधी हात लावलेला नाही. पासपोर्ट भारतीय. दुरुस्त्या स्वतः किती शिकाव्यात, कोणतं काम कुठे करून घ्यावं आणि सोबत सुटे भाग काय ठेवावेत?

ग्रेनाडापासून व्हर्जिन आयलंड्सपर्यंत बेटांची रांग आहे, सरळ मोजली तर सव्वाचारशे सागरी मैलांच्या आसपास. तीस-चाळीस मैल गेलं की नवं बेट येतं आणि बहुतेक वेळा नवा देशही. कस्टम्स वेगळं, कधी चलन वेगळं, कधी धक्क्यावरच्या विजेचा व्होल्टेजही वेगळा. एका बेटावर चांगला रिगर, म्हणजे डोलकाठीच्या तारांचं काम करणारा, असतो पण वेल्डर नसतो, दुसऱ्यावर नेमकं उलट. त्यामुळे इथे दुरुस्तीचं निम्मं काम पान्याने होतं आणि निम्मं नकाशावर. कोणतं काम कोणत्या बेटासाठी राखून ठेवायचं, हे मोसमाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून काढा. एक कसोटी कायम लावा: जे बिघडल्यावर बोटीत पाणी शिरेल किंवा बोट खडकावर जाईल, ते काम तुमच्या हाताला आलंच पाहिजे. फ्रिज, ऑटोपायलट, गरम पाणी यांच्यासाठी पुढच्या बेटापर्यंत थांबता येतं.

बोट ताब्यात आली की पहिले चार दिवस कुठेही जाऊ नका. तळाच्या फळ्या उचला, टॉर्च घ्या आणि प्रत्येक नळी कुठून निघते, कुठे जाते ते कागदावर काढा. तारांचंही तसंच. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोट गोव्यात बांधली जात होती तेव्हापासून ते तिच्याबरोबर होते. जुनी बोट घेणाऱ्याला ती संधी मिळत नाही, म्हणून हे चार दिवस मुद्दाम काढायचे.

बुडातल्या भोकांपासून सुरुवात करू. ३८ फुटी बोटीला पाण्याखाली सात-आठ तरी छिद्रं असतात. इंजिनचं पाणी, संडासाचं येणं-जाणं, बेसिन, सिंक, कॉकपिटचा निचरा. प्रत्येकावर सीकॉक, म्हणजे छिद्र बंद करणारा व्हॉल्व्ह, हवा आणि तो महिन्यातून एकदा उघडून बंद करायला हवा. हलवला नाही तर तो जागेवर धरतो, आणि नळी फुटते त्या दिवशी बंद होत नाही. सीकॉक कशाचा आहे ते बघा. ब्राँझ किंवा डीझेडआर (जस्त न सोडणारं) पितळ चालतं. साधं पितळ असेल तर त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि उरतं ते सच्छिद्र तांबं. सुरीने थोडं खरवडा. आत पिवळी चमक दिसली तर ठीक. गुलाबी दिसलं तर ते फिटिंग पुढच्या वेळी बोट जमिनीवर असताना बदलायचं, आणि तोवर त्या सीकॉकवर भार टाकायचा नाही. प्रत्येक सीकॉकला मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवा. कपाटात ठेवलेली खुंटी ऐन वेळी सापडत नाही.

नळ्यांच्या क्लॅम्पवर ‘स्टेनलेस’ छापलेलं असतं, पण पुष्कळदा फक्त पट्टी स्टेनलेस असते आणि स्क्रू हलक्या पोलादाचा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. स्क्रूला घट्ट चिकटलं तर तो क्लॅम्प वर्षभरात गंजून तुटणार. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर ३१६ ग्रेडचे दोन क्लॅम्प लावा, स्क्रूची तोंडं विरुद्ध दिशांना ठेवून.

आता इंजिन. नवखे लोक सर्वांत जास्त इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बहुतेक बोटींच्या डिझेल इंजिनात पाण्याचे दोन फेरे असतात. आतला कूलंटचा, गाडीत असतो तसा. बाहेरचा समुद्राच्या पाण्याचा: बुडातला सीकॉक, गाळणी, पंप, कूलंट गार करणारा हीट एक्स्चेंजर आणि शेवटी मिक्सिंग एल्बो. तिथे हे पाणी गरम धुरात मिसळतं आणि दोन्ही मिळून मागच्या पाइपातून बाहेर पडतात. इंजिन सुरू केल्यावर सर्वांत आधी मागे वाकून पाणी उसळतंय का ते बघायचं. अर्ध्या मिनिटात आलं नाही तर इंजिन बंद. डॅशबोर्डवरचा तापमानाचा भोंगा कूलंट तापल्यावर वाजतो, तोवर रबरी नळी आणि पंपातलं रबरी चक्र जळायला लागलेलं असतं. एक्झॉस्टच्या नळीभोवती बांधायचा तापमानाचा वेगळा सेन्सर आणि भोंगा मिळतो, तो आधी वाजतो. फार महाग नाही. बोटीवर घातलेल्या पैशांत मी त्याला बराच वरचा नंबर देईन.

पाणी बंद होण्याची इथली दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं सारगॅसम. हे तपकिरी तरंगतं शेवाळ २०११पासून अटलांटिकवरून प्रचंड प्रमाणात कॅरिबियनमध्ये येऊ लागलं. वसंतापासून उन्हाळाअखेरपर्यंत बेटांच्या पूर्व किनाऱ्यांवर त्याचे गालिचे पसरलेले दिसतात. ते गाळणीत साचतंच, पण त्याआधी सीकॉकच्या तोंडाशी किंवा गाळणीच्या अलीकडच्या वळणात अडकतं. गाळणी स्वच्छ आणि पाणी तरीही नाही, अशा वेळी सीकॉक बंद करून त्याच्यावरची नळी काढा, भांडं धरा आणि सीकॉक क्षणभर उघडा. कारंजं उडालं तर तिथवर वाट मोकळी आहे. नुसतं झिरपलं तर नळीचा तुकडा सीकॉकवर बसवून डिंगीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या हवेच्या छोट्या बोटीच्या, पंपाने वरून हवा मारा.

दुसरं कारण पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर. पाण्याशिवाय मिनिटभर फिरला तरी त्याची पाती फाटतात. बदलायला सोपा आहे, पण काम अंधाऱ्या, तेलकट जागेत डोकं खाली घालून करावं लागतं. म्हणून नांगरलेल्या, शांत पाण्यात एकदा सराव करून घ्या. आधी सीकॉक बंद. पंपाखाली कापड पसरा, कारण झाकणाचे चार-सहा छोटे पितळी स्क्रू हातातून निसटले की थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट भागात, जातात. झाकण काढा, जुना कागदी गॅस्केट नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर पृष्ठभागावर ओरखडा पडतो आणि तिथून हवा शिरते. इम्पेलर दोन पकडींनी सरळ बाहेर ओढा आणि त्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर ते कुठेतरी पुढे जाऊन बसलंय, आणि ते शोधल्याशिवाय काम संपत नाही. पंपानंतरच्या नळीच्या वळणात बघा, मग हीट एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडा. काळ्या रबराचे तुकडे बारीक नळ्यांच्या तोंडाशी आडवे पडलेले दिसतात. ते तसेच राहिले तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं, आणि लोक थर्मोस्टॅट बदलण्यात दोन दिवस घालवतात. नवा इम्पेलर भांडी घासायच्या द्रव साबणाने किंवा ग्लिसरीनने ओला करा. ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. पाती पंपाच्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे वाकवून, पिळत आत सरकवा. नवा गॅस्केट, झाकण, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने हळूहळू आवळा. मग सीकॉक उघडा. हे विसरलात तर नवा इम्पेलरही गेला. सीकॉक बंद केला की इंजिनची किल्ली काढून त्याच्याच हँडलला अडकवायची, ही सवय दोघांनीही लावून घ्या.

याच फेऱ्याचा एक वाईट प्रकार लक्षात ठेवा. इंजिन चालू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत राहिलात, तर पंप प्रत्येक फेऱ्याला पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे फिरून सिलेंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही तर सीकॉक बंद करून मगच स्टार्टर मारा, आणि इंजिन लागल्याक्षणी उघडा. मिक्सिंग एल्बो दर ५०० तासांनी किंवा दोन वर्षांनी काढून आत बघा. काजळी आणि मीठ मिळून आत दगडासारखा थर बसतो. इंजिन पूर्ण आरपीएमला पोचत नाही आणि काळा धूर सोडतं, तेव्हा पहिला संशय याच्यावर घ्या.

डिझेलचं गणित उष्ण हवेत वेगळं होतं. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आत बाष्प थेंबांनी बसतं. त्या पाण्यात आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. नांगरलेली बोट असताना तो तळाशी निवांत पडून असतो. दोन बेटांमधल्या खुल्या पाण्यात बोट उसळायला लागली की ढवळला जातो आणि फिल्टर तुंबतो. बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडतं ते यामुळेच. पहिला फिल्टर पाणी वेगळं करणारा, पारदर्शक वाटीचा असावा. त्याचे दहा मायक्रॉनचे आठ-दहा एलिमेंट सोबत ठेवा. भरताना डिझेल जाळीच्या फनेलमधून घ्या, टाकी भरलेली ठेवा, प्रत्येक वेळी जंतुनाशक घाला. फिल्टर बदलल्यावर हवा काढायची पद्धत इंजिनच्या मॅन्युअलमधून बघून एकदा करून पाहा: लिफ्ट पंपाचा छोटा दांडा हाताने हलवत आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग इंजेक्शन पंपावरचा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा.

वीज. १२ व्होल्टचा फ्रिज या उष्णतेत दिवसाला ४० ते ६० अँपिअर-तास खातो. पंखे, दिवे, मोबाइल, लॅपटॉप, इंटरनेट धरून दोघांचा रोजचा खर्च १०० ते १५० वर जातो. १०० वॅटचं सौर पॅनल चांगल्या दिवशी २५-३० अँपिअर-तास देतं, म्हणजे ५०० वॅट तरी हवं. पॅनल डोलकाठीच्या किंवा बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या) सावलीत येऊ देऊ नका. दोन-तीन सेलवर सावली पडली तरी त्या पॅनलचं उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहून खाली जातं.

लिथियम बॅटऱ्या घालायच्या असतील तर अल्टरनेटरचा विचार आधी करा. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की कमी करंट घेते. लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते, आणि गाडीच्या जातीचा अल्टरनेटर तासाभरात भाजून निघतो. शिवाय बॅटरीच्या संरक्षक सर्किटने चालू चार्जिंग एकदम तोडलं तर अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि त्याचे डायोड उडतात. म्हणून अल्टरनेटरने लेड-ॲसिडची स्टार्टर बॅटरी भरावी आणि तिच्यातून डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम. साधी आणि टिकणारी व्यवस्था आहे.

बोटीवरचे विजेचे दहातले आठ बिघाड जोडांमध्ये असतात. खारी हवा तारेच्या आवरणाखालून आत चढते आणि तांबं काळं पडतं. उपकरण कमजोर चालत असेल तर ते चालू ठेवूनच मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी उपकरणाच्या पॉझिटिव्हला लावा. तिथे ०.४ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. मधल्या फ्यूजवर टोकणी ठेवून वाट निम्मी करत जा, पाच मिनिटांत जागा सापडते. निगेटिव्हच्या बाजूनेही तेच करा, तिकडे लोक बघायचं विसरतात. नवा जोड कलई केलेल्या तारेचा, चांगल्या क्रिंपरने दाबलेला आणि आत गोंद असलेल्या हीट-श्रिंकने बंद केलेला असावा. नुसतं डाखलेलं टर्मिनल कंपनांनी डाखाच्या कडेला तुटतं.

धक्क्यावरची वीज घेताना आधी विचारा. ग्रेनाडा आणि मार्टिनिकमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अँटिग्वात २३० व्होल्ट, पण ६० हर्ट्झ. त्रिनिदादला ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. चार्जर दोन्ही व्होल्टेज घेणारा असला तर बाकीची काळजी कमी होते.

डोलकाठीच्या तारा. स्टेनलेस वायर रिगिंग दहा वर्षांच्या पुढे गेलं की विमा कंपन्या प्रश्न विचारतात, आणि तुमची बोट पंधरा वर्षांची आहे. तारा कधी बदलल्या त्याची पावती विक्रेत्याकडे मागा. पावती नसेल तर बदललेल्या नाहीत असं धरून किंमत ठरवा. तार तुटते ती बहुधा खालच्या टर्मिनलच्या तोंडाशी, कारण मिठाचं पाणी तारेवरून ओघळून तिथे साचतं. कापसाचा बोळा तारेवरून खालून वर फिरवा. धागे अडकले तर एखादा पेड तुटला आहे. टर्मिनलवर उभी बारीक भेग दिसते का ते भिंगातून पाहा. शंका असेल तर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर फवारून पाहा, भेग लाल रेघेने उमटते. डेकमधून आत जाणाऱ्या चेनप्लेट्स, म्हणजे या तारा जिथे बांधतात त्या धातूच्या पट्ट्या, मात्र वरून कितीही चकचकीत दिसल्या तरी विश्वास ठेवू नका. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. डेकच्या आत सीलंटखाली ओल असते आणि हवा नसते, तिथे धातू आतून पोखरला जातो. खाली लाकडावर तपकिरी ओघळ दिसला तर ती चेनप्लेट बाहेर काढून बघायचीच. तात्पुरत्या उपायासाठी डोलकाठीच्या सर्वांत लांब तारेएवढी तार, तिला हाताने बसवता येणारी दोन मेकॅनिकल टर्मिनल्स आणि १० मिलिमीटर डायनिमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा) दोर २० मीटर ठेवा.

शिडांचं कापड नंतर जातं, शिलाई आधी जाते. ऊन पॉलिएस्टर धागा कुरतडतं. शिलाईवर नख ओढून पाहा, टाका सुटला तर तो पूर्ण पट्टा पुन्हा शिवायचा. फाटलेल्या जागी ठिगळ लावण्याआधी गोड्या पाण्याने मीठ काढा, पूर्ण वाळवा, स्पिरिटने पुसा. चिकट डॅक्रॉनच्या (शिडाच्या पॉलिएस्टर कापडाच्या) ठिगळाचे कोपरे गोल कापा, नाहीतर वाऱ्याने तिथूनच उचकटतं. मग कडेने नागमोडी शिलाई घाला.

संडासाबद्दल लोक उशिरा विचारतात. समुद्राचं पाणी आणि लघवी एकत्र आली की नळीत कॅल्शियमचा पांढरा थर बसतो आणि दोन-तीन वर्षांत दीड इंची नळी बोटभर उरते. दांडा जड लागायला लागला तर पंपाला दोष देऊ नका. प्रत्येक वेळी पाणी नळीच्या टोकापर्यंत जाईल इतके, म्हणजे दहा-पंधरा, दांडे मारा आणि आठवड्यातून एकदा ग्लासभर व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा. जोकर व्हॉल्व्ह, म्हणजे चोचीच्या आकाराचं रबर, वर्षातून एकदा बदला, नाहीतर गेलेलं पाणी परत येतं. नळी पूर्ण तुंबली असेल तर काढून काँक्रीटच्या धक्क्यावर आपटा, थराचे तुकडे पडतात.

गोडं पाणी करणारं यंत्र असेल तर ते रोज किंवा दिवसाआड चालवा. आठवडाभर बंद ठेवायचं तर गोड्या पाण्याने धुवा, आणि तेही कोळशाच्या फिल्टरमधून. किनाऱ्यावरून भरलेल्या पाण्यातल्या क्लोरीनने त्याचा पडदा कायमचा खराब होतो.

डिंगी ही इथे तुमची स्कूटर आहे. पीव्हीसीची डिंगी स्वस्त मिळते, पण या उन्हात काही वर्षांत तिचे जोड सुटतात. हायपालॉन, म्हणजे उन्हात टिकणारं कृत्रिम रबर, घ्या. पंधरा हॉर्सपॉवरचं यामाहाचं टू-स्ट्रोक ‘एंड्युरो’ इथल्या कोळ्यांकडे सर्रास असतं, त्यामुळे त्याचे भाग आणि मेकॅनिक छोट्या गावातही मिळतात. रात्री डिंगी हॅलयार्डने (शीड वर चढवायच्या दोराने) वर उचलून ठेवा आणि कुलूप लावा. पाण्यात सोडलेल्या डिंगीच चोरीला जातात. पंक्चर काढताना ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, हायपालॉनला टोल्युइनने पुसा, दोन भागांचा गोंद पातळ दोन-तीन हातांनी लावा आणि प्रत्येक हात सुकू द्या. हवेत दमटपणा असला तर गोंदावर अदृश्य ओल बसते आणि ठिगळ महिन्यात निघतं. म्हणून पावसानंतर किंवा पहाटे हे काम करू नका, दुपारी करा.

आता कुठे काय. ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर बोट वर काढणारे यार्ड आहेत. बुडाचं रंगकाम, सीकॉक बदलणं, इंजिनचं मोठं काम तिथे उरकून घ्या. तुमच्या बोटीच्या बुडाला दोन हातांसाठी साधारण आठ लिटर अँटिफाउलिंग (शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा रंग) लागेल, पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूवर तिसरा हात द्या. त्रिनिदादच्या शॅग्वारामास खाडीत यार्ड, वेल्डर, सुतार आणि शिडं शिवणारे शेजारी शेजारी आहेत. मोठं फॅब्रिकेशन किंवा लाकूडकाम असेल तर तिथे जा. ग्रेनाडाहून रात्रीचा, ऐंशी-पंच्याऐंशी मैलांचा प्रवास आहे. व्हेनेझुएलाच्या बाजूने पूर्वी चाचेगिरीच्या घटना झाल्या आहेत, म्हणून ताजी परिस्थिती विचारून, दुसऱ्या बोटींच्या सोबतीने जा. जूनपासून तिथे पाऊस असतो, त्यामुळे रंगकामाचा अंदाज दुप्पट धरा. सिंट मार्टेन करमुक्त आहे. सिम्पसन बेमध्ये ‘बजेट मरीन’ आणि ‘आयलंड वॉटर वर्ल्ड’ यांची मोठी दुकानं आहेत, आणि रिगिंगचं काम चांगलं होतं. महाग उपकरणं, बॅटऱ्या, रिगिंग यांची यादी त्या बेटासाठी राखून ठेवा. मार्टिनिकचं ल मारँ हेही मोठं केंद्र आहे, युरोपीय इंजिनांचे भाग तिथे लवकर मिळतात. दुकानं दुपारी दोन-तीन तास बंद असतात आणि बोलणं फ्रेंचमध्ये.

तुमच्या पासपोर्टमुळे इथे एक फरक पडतो. ग्रेनाडा आणि त्रिनिदादला पर्यटनासाठी भारतीयांना आधी व्हिसा लागत नाही. मार्टिनिक, ग्वादलूप फ्रान्सचे भाग असले तरी साधा शेंगेन व्हिसा तिथे पुरत नाही, त्या प्रदेशांसाठीचा फ्रेंच व्हिसा लागतो. पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन आयलंड्ससाठी अमेरिकेचा व्हिसा. युरोपीय लोक ‘मार्टिनिकला जाऊन घ्या’ असा सल्ला सहज देतात, पण तुमची दुरुस्तीची योजना व्हिसाप्रमाणे आखावी लागेल. नियम बदलतात, प्रत्येक मोसमाआधी वकिलातीच्या पानावर पाहा.

सुटा भाग परदेशातून मागवला तर पार्सलवर आणि इन्व्हॉइसवर बोटीचं नाव आणि ‘यॉट इन ट्रान्झिट’ लिहायला सांगा. बहुतेक बेटांवर तात्पुरत्या आलेल्या बोटीच्या भागांना आयात करात सूट मिळते, पण हे शब्द नसले तर कस्टम्समध्ये अडकतं. बोटीची नोंदणी आणि प्रवेशाचा कागद घेऊन जा, आणि एजंटची फी आधी ठरवा. वेळ ठरवताना कार्निव्हल बघा. त्रिनिदादचा गोव्याप्रमाणेच लेंट (ख्रिस्ती उपवासाचा काळ) सुरू होण्याआधी असतो, ग्रेनाडाचा ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवार-मंगळवारी. त्या आठवड्यात ना कस्टम्स हलतं, ना यार्ड.

बोटीवर ठेवायच्या वस्तूंत मी हे आधी धरीन: इम्पेलर चार आणि गॅस्केट सहा, डिझेलचे दोन्ही फिल्टर, तेलाचे तीन फिल्टर आणि तीन बदलांचं तेल, दोन पट्टे, थर्मोस्टॅट, कूलंट, बिल्ज पंप एक पूर्ण, पाणी चढलं की तो सुरू करणारा फ्लोट स्विच, संडासाच्या पंपाचा पूर्ण किट, प्रोपेलर शाफ्टचे जस्ताचे ॲनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे), सर्व मापांचे क्लॅम्प, पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुटी. स्टार्टर मोटरचा मॉडेल नंबर आणि इंजिनचा सीरियल नंबर यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. दुकानदार पहिल्यांदा तेच विचारतो.

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ग्रेनाडा दक्षिणेला आहे म्हणून पूर्ण सुरक्षित, हा समज सोडा. २००४ साली ‘आयव्हन’ने ग्रेनाडा उद्ध्वस्त केलं आणि १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ शेजारच्या कॅरियाकूवर आदळलं, तिथे खारफुटीत लपवलेल्या बोटीही गेल्या. विम्याच्या कागदात कोणत्या अक्षांशाच्या दक्षिणेला बोट हवी ते नीट वाचा. बोट जमिनीवर ठेवणार असाल तर टेकूंचे पाय एकमेकांना साखळीने बांधलेले हवेत आणि बोट जमिनीतल्या आकड्यांना पट्ट्यांनी जखडलेली. शिडं, बिमिनी (उन्हासाठीचं कापडी छत), सौर पॅनल सगळं उतरवा. वादळात बोट कोसळते ती पुष्कळदा वर राहिलेल्या कापडामुळे. इंजिनचा खाऱ्या पाण्याचा फेरा गोड्या पाण्याने धुवून अँटिफ्रीझ घाला आणि इम्पेलर काढून ठेवा, म्हणजे पाती एकाच बाजूला वाकून बसत नाहीत. लिथियम बॅटऱ्या अर्ध्या भरलेल्या ठेवा. फ्रिज उघडा. पुठ्ठ्याचे खोके कधीच बोटीवर आणू नका, घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात. टाक्यांच्या हवेच्या नळ्यांच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. कुंभारमाशा तिथे मातीची घरटी करतात, आणि नोव्हेंबरमध्ये पंप चालू केल्यावर टाकीला श्वास मिळत नाही.

परत पाण्यात उतरताना बोट ट्रॅव्हल लिफ्टच्या (बोट उचलणाऱ्या चाकांवरच्या क्रेनच्या) पट्ट्यांत लटकलेली असते. पाण्याला टेकली की चालकाला थांबायला सांगा आणि दोघांनी आत जाऊन प्रत्येक सीकॉक, शाफ्टचा सील आणि नवीन बसवलेली प्रत्येक फिटिंग कोरड्या टिश्यू पेपरने पुसून बघा. ओल लागली तर बोट तिथेच पुन्हा वर घ्यायची. इंजिन सुरू करून मागे पाणी उसळताना दिसलं की मगच पट्टे सोडायला सांगा, आणि पहिली रात्र यार्डच्या धक्क्यालाच काढा.